कोडिंग बूटकॅम्प की घरबसल्या शिक्षण?

ठाण्यात नोकरी सांभाळून प्रोग्रामिंग शिकण्यासाठी बूटकॅम्पचे, म्हणजे थोड्या काळात कोडिंग शिकवणाऱ्या सशुल्क वर्गाचे, शुल्क भरावे की स्वतःच शिकावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते पहिले तीन महिने एक रुपयाही खर्च करू नये. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि २०१४ पासून सुरू असलेले फ्रीकोडकॅम्प हे कोडिंग शिकवणारे संकेतस्थळ विनामूल्य आहेत. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानेही फुकट पाहता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते.

मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो ती ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोलीला कामावर जाता-येता. गाडीत सगळे समजल्यासारखे वाटे आणि घरी कोरी फाइल उघडली की चार ओळी सुचत नसत. एकदा वीजबिलाची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम लिहिला, तर ५ आणि ५ यांचे उत्तर ५५ येऊ लागले, कारण कीबोर्डवरून घेतलेली संख्या पायथन मजकूर समजतो आणि ती आधी पूर्णांकात बदलावी लागते, हे कळायला मला (सांगायला लाज वाटते) तीन तास लागले.

असे तीन तास आपण चिकाटीने बसू शकत असाल, तर बूटकॅम्पची गरज नाही. बसवत नसेल, तर वेळापत्रक आणि आपला कोड वाचून चूक दाखवणारा शिक्षक यांसाठी पैसे मोजणे योग्यच आहे. मात्र शुल्क कर्जाने भरणार असाल, तर वर्ग मध्येच सोडल्यास हप्त्यांचे काय होईल, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे.