बोरिंगवर लाल रंग मारायच्या आधी

बेटा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण उन्हानं डोकं इतकं भणाणलं होतं की उत्तर द्यायला आज बसलो. "काका, मला पाणी-मातीवर काम करायचंय, लोकांच्या भांडणात पडायचं नाही" असं लिहिलंस ना, त्यावरच बोलतो.

मी पण असाच होतो रे. नवीन नवीन होतो तेव्हा नागपूरपासून तासाभरावरच्या एका गावात बोरिंगचं सॅम्पल घेतलं, रिपोर्टात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर आलं, म्हणजे नियमानं प्यायला बाद, मग बोरिंगवर लाल रंग मारला आणि मी खुशीत घरी. महिन्याभरानं परत गेलो तर एक बाई म्हणाली, "भाऊ, लाल रंग तं मारला, आता पाण्याचे गुंड कुठं भरू सांग." दुसरं पाणी होतं एका शेतातल्या विहिरीचं, आणि तिच्या मोहल्ल्यातल्या बायांना त्या विहिरीवर कोणी उभं करत नव्हतं. का ते सांगायला नको. माझा आकडा बरोबर होता, काम अर्धवट होतं. तेव्हापासून बाटली काढायच्या आधी विचारतो, इथं पाणी कोण भरतं, आणि हे बंद झालं तर ती कुठं जाणार.

(आणि ते टीडीएसचं, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं पेन घेऊन फिरू नको बाप्पा, त्याला फ्लोराइड वेगळं कळत नाही आणि जंतू तर दिसतच नाहीत.)

कायद्याचं वाच, त्याला भांडण म्हणू नको. मोठा प्रकल्प यायचा असला आणि जनसुनावणी लागत असली तर 2006 च्या पर्यावरण परिणामांच्या (ईआयए) अधिसूचनेनुसार निदान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या रिपोर्टचा सारांश लोकांच्या भाषेत ठेवावा लागतो, आणि सुनावणी संपताना काय काय नोंदवलं ते तिथंच त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. लोक जेवायला उठून जातात, म्हणून हे शेवटचं कोणी ऐकतच नाही. तू थांबायचं. कोणाचं म्हणणं राहिलं असेल तर तिथंच उठून सांगायचं.

उलटंही होतं हं. जंगल वाचवायचं म्हणून माणसालाच बाहेर काढतात. पेंचच्या वाघांच्या जंगलातल्या तोतलाडोह जलाशयातल्या मासेमारीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, 1997 मध्ये निकाल लागला, मध्य प्रदेशकडच्या 305 विस्थापित आदिवासींचे परवाने कोर्टानं राहू दिले, पण अटी घातल्या, फोटो लावलेलं ओळखपत्र पाहिजे, काठावर चूल पेटवायची नाही वगैरे. सगळे खूश झाले असं नाही, पण वाघ आणि जाळं दोन्हीचा विचार एकाच कागदावर झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्या शहराचंच घे. नाग नदीचा नाला आपण केला, ती जाते कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात अडतं. तिथं ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा माणूस, जाळं टाकतो. आपलं सांडपाणी त्याच्या जाळ्यात, आणि तू म्हणतो लोकांचं नको!

रविवारी सकाळी सहाला ये. आधी नाग नदी पाहू, मग सरळ गोसीखुर्द. पेट्रोल माझं, डबा तुझा. वही आण, लॅपटॉप नको.

काका