‘रोज रात्री वही लिहिते, त्याचं पुढे काय?’

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तुमचा एक ट्रॉलर आहे, मुलगी एस.वाय.बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन शिकतेय. रोज रात्री जेवणं झाली की ती वहीत दहा ओळी लिहिते: अमेरिकेचं आयातशुल्क, बेरोजगारीचे आकडे, तांबड्या समुद्रातली जहाजं. ‘यानं पोट भरणार आहे का, की सरळ बँकेच्या परीक्षेचा क्लास लावू?’ असं तुम्ही विचारलंय. सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो जोडलेत ते बरं केलंत. पत्रापेक्षा ती पानंच जास्त बोलली.

पहिल्या पानावर तिनं लिहिलंय, ‘जूनमध्ये बेरोजगारी 5.6 टक्के होती, जुलैत 5.2. पण आमच्या जेटीवर तर होड्या शाकारलेल्या.’ पुढे प्रश्नचिन्ह, आणि पान संपलं. नेमकं चांगल्या जागी सोडलं पोरीनं! हा 2025 चा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या सर्वेक्षणातला, आणि एप्रिल 2025 पासून तो दर महिन्याला मिळतो. त्यात मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं असेल, तरी माणूस रोजगारात धरतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या काळात तुम्ही पडवीत बसून जाळी दुरुस्त केलीत, म्हणजे तुम्ही बेरोजगार नाही. तुमचा नेपाळी खलाशी गावी गेला, तो या मोजणीतच नाही. आणि शेजारचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ‘आता नारळी पुनवेनंतर बघू’ म्हणून काम न शोधता, आणि मिळालं तरी करायची तयारी न ठेवता घरी बसला असेल, तर तोही बेरोजगार नाही, कारण तो श्रमबळातच, म्हणजे काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या लोकांतच, धरला जात नाही. जेटी रिकामी आणि आकडा कमी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हे तिला वाचून दाखवा.

दुसरं पान मला तितकंसं पटलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्यावर तिनं लिहून टाकलंय, ‘कोकणातली मासळी निर्यात संपली.’ अहो, अमेरिकेला जाते ती मुख्यतः तळ्यात वाढवलेली कोळंबी, आणि त्यात आंध्रचा वाटा मोठा. तुमच्या जाळ्यातला म्हाकूल (स्क्विड) चीनकडे, युरोपकडे जातो. शुल्काची बातमी तिनं शोधली, पण त्या आठवड्यात दलालानं भाव किती दिला हे बापाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता पोटाचं. वही म्हणजे पदवी नव्हे, तिच्यावर कोणी नोकरी देणार नाही. पण या आवडीला रस्ते आहेत. संघ लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा आहे, तिला अर्थशास्त्रात एम.ए. लागतं, वय 21 ते 30. जागा मोजक्याच, आणि पेपर इंग्रजीतूनच लिहावे लागतात. म्हणून वही मराठीतच राहू दे, आठवड्यातले दोन दिवस मात्र इंग्रजीत लिहायला सांगा. रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञांची वेगळी भरती होते. अशा वेळी चिंतामणराव देशमुखांचं नाव घ्यायची रीत आहे: रायगडकडचे, 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मी ते घेत नाही. ते वकिलाचे चिरंजीव होते, त्यांची वाट वेगळी.

तुमच्या मुलीची खरी अडचण पत्रात एका ओळीत लपलीय: ‘दहावीनंतर गणित सोडलं.’ तिथं मी थांबलो. पुण्याची गोखले संस्था असो वा मुंबई विद्यापीठ, अर्थशास्त्राच्या चांगल्या एम.ए.ला गणित आणि संख्याशास्त्र चुकत नाही. तेव्हा तुमच्याकडे फीचे पैसे असतील तर बँकेच्या क्लासला आत्ता देऊ नका. ती परीक्षा पदवीनंतरच द्यायची आहे. अकरावी-बारावीचं गणित शिकवणारे एखादे निवृत्त मास्तर गाठा. कलनाची (कॅल्क्युलसची) सुरुवात, मॅट्रिक्स, संभाव्यता, एवढं पुढच्या मे महिन्यापर्यंत झालं पाहिजे. नाहीच जमलं, मन लागलं नाही, तर बँक आहेच, त्यात कमीपणा नाही. तेव्हाही हे गणित फुकट जाणार नाही.

वहीची पद्धत थोडी बदलायला सांगा. रोज एक आकडा, जेटीवर पाहिलेली एक गोष्ट, आणि ‘पुढे काय होईल’ याचा एक अंदाज, तारखेसकट. तीन महिन्यांनी तेच पान उघडून अंदाज चुकला असेल तर लाल शाईनं का चुकला ते लिहायचं. मी स्वतः पूर्वी अशी वही ठेवायचो. पहिल्या वर्षीची पानं इतकी लाल झाली की बायकोला दाखवली नाहीत.

आणि एक. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी तुम्ही पावत्या जपून ठेवत असाल. त्यांचा गठ्ठा एका रविवारी तिच्या हातात द्या. कोणत्या महिन्यात किती लिटर, कोणत्या भावानं, आणि त्या फेरीला मासळी किती मिळाली, हे तुम्ही सांगा, तिला मांडू द्या. झालं की त्या पानाचा फोटो मला पाठवा.