एका दमात १००० किलोमीटर गाडी चालवावी का?
एकट्याने, कमीत कमी थांबून एका दिवसात एवढं अंतर कापावं का, असं तुम्ही विचारलंय. गाडी धड असेल तर ती झेपवेल, प्रश्न तुमच्या डोळ्यांचा आहे. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. ४ सेकंदांची डुलकी लागली तर ११० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. आणि डुलकी लागली हे बऱ्याचदा कळतही नाही. मला एकदा नुकताच मागे पडलेला बोगदा आठवेचना. समोर ट्रकचे लाल दिवे आणि पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवर. तेव्हापासून दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबतोच, झोप येवो न येवो.

काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. कॉफी प्या आणि लगेच गाडी सुरक्षित जागी लावून २० मिनिटं डोळे मिटा. कॉफी अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा गाडी चालवूच नका, त्या वेळी शरीर झोपच मागतं. सोबत दुसरा चालवणारा नसेल तर मध्ये मुक्काम करा, कृपया.