फायरफॉक्समधलं डीएससी टोकनचं सिक्युरिटी मॉड्यूल अनलोड केलं तरी परत येतं. कायमचं कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की टोकन (डिजिटल सहीची यूएसबी किल्ली) लावलेलं नसतानाही फायरफॉक्स मध्येच पासवर्ड मागतो, काही साइट्सवर अडकून बसतो आणि अनलोड केलेलं मॉड्यूल, म्हणजे फायरफॉक्सला टोकनशी जोडणारा भाग, पुन्हा यादीत दिसतं. अनलोड केलेलं मॉड्यूल आपणहून परत येत नाही, कुणीतरी ते परत घालतं. तो कोण, हे शोधणं एवढंच खरं काम.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे सर्टिफिकेट्सखाली ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ उघडा. डावीकडच्या यादीत मॉड्यूलचं नाव निवडलं की उजवीकडे फाइलचा पाथ दिसतो. तुमचं टोकन ईपास २००३ असेल तर डीएलएलचं (मॉड्यूलच्या फाइलचं) नाव ‘ईपीएस२००३’ने सुरू होतं. तेच निवडून अनलोड करा. ‘एनएसएस इंटर्नल’ आणि ‘बिल्टइन रूट्स’ यांना अजिबात हात लावू नका. साइट्सची सर्टिफिकेट्स खरी की खोटी हे रूट्सवरूनच ठरतं.

यादीत ‘ओएस क्लायंट सर्ट मॉड्यूल’ (विंडोज किंवा मॅकमधली सर्टिफिकेट्स फायरफॉक्सला दाखवणारं) असेल तर दोषी बहुधा तेच. फायरफॉक्स ९० पासून विंडोज आणि मॅकवर ते दर वेळी आपोआप लोड होतं, म्हणून अनलोड टिकत नाही. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाऊट-कॉन्फिग (मध्ये कोलन) टाइप करा, तिथे इंग्रजीत ‘ओएसक्लायंटसर्ट्स’ शोधा, शेवटी ‘ऑटोलोड’ असलेली ओळ फॉल्स करा आणि फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघडा.

ते नसेल तर तसंच अबाऊट-पॉलिसीज उघडून पाहा, तिथे बाहेरून लादलेल्या सेटिंग्ज (पॉलिसी) दिसतात. तिथे ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ दिसलं तर मॉड्यूल पॉलिसीतून येतंय. ऑफिसचा संगणक असेल तर आयटीवाल्यांनाच सांगा, तुमचा बदल पुढच्या वेळी पुसला जाईल. घरचा संगणक असेल आणि टोकन मॅनेजर (टोकनसोबतचं सॉफ्टवेअर) दर अपडेटला मॉड्यूल परत नोंदवत असेल, तर हीच पॉलिसी उलटी वापरता येते: फायरफॉक्सच्या इन्स्टॉल फोल्डरमधल्या ‘डिस्ट्रिब्युशन’ फोल्डरात पॉलिसीज नावाची जेसन फाइल करायची आणि त्यात सिक्युरिटी डिव्हायसेसच्या ‘डिलीट’ यादीत मॉड्यूलचं नाव जसंच्या तसं द्यायचं. हे ११४ व्या आवृत्तीपासून चालतं आणि माझ्या मते सगळ्यात टिकाऊ आहे.

अनलोडचं बटणच काम करत नसेल, तर अबाऊट-सपोर्टमधून प्रोफाइल फोल्डर उघडा, फायरफॉक्स बंद करा आणि ‘पीकेसीएस११’ नावाच्या टेक्स्ट फाइलची कॉपी काढून ठेवा. फाइलमध्ये रिकाम्या ओळींनी वेगळे केलेले तुकडे असतात, प्रत्येकात ‘लायब्ररी’ आणि ‘नेम’ या ओळी. टोकनवाला तुकडा पूर्ण उडवा. ज्याची लायब्ररी रिकामी आहे तो फायरफॉक्सचा स्वतःचा, तो राहू द्या. शेजारची ‘की४’ नावाची डीबी फाइल उडवलीत तर साठवलेले पासवर्ड गेलेच म्हणून समजा.

अडकण्याचं कारण साधं आहे. साइटने क्लायंट सर्टिफिकेट (तुमची ओळख पटवणारं) मागितलं की फायरफॉक्स प्रत्येक मॉड्यूलला विचारतो, आणि जुनी डीएलएल उत्तरच देत नाही. पासवर्डची खिडकी आली तर अंदाजाने काही टाकू नका. ती टोकनचा पिन मागते. ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

टोकनचा ड्रायव्हर मात्र काढू नका. जीएसटीची सही एमसायनर हा संगणकावरचा वेगळा प्रोग्राम करतो, त्याला फायरफॉक्समधलं हे मॉड्यूल लागत नाही.