जुन्या लष्करी गाड्यांच्या पार्टवर घर चालेल का?

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्स पास, गुण बेताचे. सुट्टीत गावाजवळच्या गॅरेजमध्ये जाऊ लागला, तो तिथलाच झाला. तिथे लष्करातून निघालेल्या जीप, जीपसारख्याच जोंगा आणि शक्तिमान ट्रक पुन्हा चालते करतात. हा भंगार बाजार पालथा घालून पार्ट हुडकतो आणि नाहीच मिळाला तर लेथवाल्याकडून करून आणतो. वडील सैन्यात ड्रायव्हर होते. त्यांना वाटतं, पोरानं इंजिनिअरिंग करावं. नातेवाईक म्हणतात, पोरगं भंगारात गेलं. आई विचारते, यात काही भवितव्य आहे का?

ताई, आधी थेट उत्तर देते. नुसत्या जुन्या लष्करी गाड्यांवर आपल्याकडे फार थोड्यांचं घर चालतं. गाड्या मोजक्या आणि हौशी मालकही मोजकेच. पण नसलेला पार्ट मापानं पुन्हा उभा करायला जे कसब लागतं, त्यावर मात्र हमखास चालतं. म्हणून त्याला गाड्यांपासून तोडू नका, मशीनवर उभं करा.

त्याचं काम किती अवघड आहे, हे घरात कुणी नीट पाहिलेलं दिसत नाही. जीपचं त्यातल्या त्यात सोपं. महायुद्धात विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, 1947 पासून महिंद्रानं मुंबईत जुळणी सुरू केली, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. शक्तिमान जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनला आणि 1996 च्या सुमारास बंद झाला. तो लष्करासाठीच होता, त्यामुळे त्याचे पार्ट लिलावातून फिरत येतात तेवढेच. आणि महायुद्धातला कॅनडात बनलेला शेवरोले किंवा फोर्डचा लष्करी ट्रक हाती आला, तर बहुतेक पार्ट बनवावाच लागतो.

आता अर्ध्या इंचाचा एक बोल्ट घ्या. व्हिटवर्थ या ब्रिटिश मापाचा असेल तर इंचात 12 आटे, अमेरिकन जाड आट्याचा असेल तर 13. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. नट एखाददुसरा फेरा सुखानं जातो आणि अडतो. घाईतला माणूस तिथे पाना लावतो आणि दोन्हींचे आटे घालवतो. अर्ध्या इंचाखालच्या काही मापांत तर आट्यांची संख्याही सारखीच असते, फक्त कोन वेगळा, 55 अंश आणि 60 अंश. तिथे फसणं आणखी सोपं. शक्तिमानला हे दोन्ही चालत नाहीत, तो मेट्रिक. पिच गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, लावल्याशिवाय नटाला हात न लावणारा मुलगा कुठल्याही वर्कशॉपला हवाच असतो.

ओतकामाचंही तसंच. फुटलेला मॅनिफोल्ड (इंजिनाला बसणारा नळ्यांचा ओतीव भाग) जोडून त्यालाच पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना म्हणून वाळूत दाबला, तर नवं कास्टिंग लहान निघतं, कारण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. 300 मिलिमीटरला 3 मिलिमीटर गेले, की स्टडची भोकं जुळणार नाहीत. म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो, वर मशिनिंगसाठी जास्तीचा माल ठेवावा लागतो. हे शिकायला लांब जायला नको. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि उद्यमनगरातले लेथ तुमच्यापासून काही तासांवर आहेत. तिथे आठ दिवस नुसतं उभं राहून पाहू द्या त्याला.

शिक्षणाचा मार्ग मी असा सुचवेन. आयटीआयचा मशिनिस्ट किंवा टर्नर, दोन्ही दोन वर्षांचे. मोटर मेकॅनिक हा ट्रेड वाईट नाही, पण गाडी खोलायला-जोडायला तो गॅरेजमध्येच शिकतो आहे. त्याला कमी आहे ते ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि मशीन. नंतर अ‍ॅप्रेंटिसशिप आणि जोडीला कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये या कामाचं पक्कं शिक्षण मिळतं. वडिलांची इच्छाही मोडत नाही, कारण आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. बेताच्या गुणांवर आत्ताच डिग्रीला ढकलू नका, एवढं मात्र मी आग्रहानं सांगते. अमेरिकेत कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराची चक्क चार वर्षांची पदवी आहे. खर्च मोठा आहे, म्हणून तो विचार हात बसल्यावर.

काही गोष्टी मात्र आजच बजावून ठेवा. लष्करी माल लिलावाच्या कागदाशिवाय घ्यायचा नाही, कितीही स्वस्त मिळो. खासगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, तेव्हा गिऱ्हाईक मागे लागलं तरी नाही म्हणायचं. विंटेज नोंदणी मूळ रूपात राखलेल्या, 50 वर्षांवरच्या गाडीला मिळते, म्हणून बदललेल्या प्रत्येक पार्टची नोंद आणि फोटो ठेवायची सवय लावा. आणि जुन्या ट्रकच्या रिंगवाल्या डिस्कवरच्या टायरमध्ये, चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा भरायची नाही. ती रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. हे त्याच्या गॅरेजमालकालाही सांगा.

तुमच्या मिस्टरांना एक विनंती आहे. त्यांनी शक्तिमान चालवला असेल, तर कुठल्या चढाला काय तापायचं, कुठला पाटा आधी तुटायचा, हे त्यांना ठाऊक असणार. ते पोराला वहीत लिहून घेऊ द्या. अशी माहिती कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर ऑनलाइन होतात, म्हणून बारावीच्या टक्क्यांची काळजी सोडा. अर्जात पहिला पसंतीक्रम मशिनिस्ट आणि दुसरा टर्नर भरा. जवळची दोन-तीन सरकारी आयटीआय टाका. आणि भरण्याआधी तिथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन मशीन खरोखर चालू आहेत का, ते डोळ्यांनी पाहून या.