पदवीआधी उद्योजकता कशी शिकवावी?

प्रश्न : मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून व्यवसायाचा आराखडा लिहून घेणे पुरेसे आहे का? आणि पुढे किती जणांनी व्यवसाय काढला, यावरून अभ्यासक्रमाचे यश मोजावे का?

उत्तर : आराखडा लिहून घ्यावा, पण शेवटी. आधी विद्यार्थ्याने संभाव्य ग्राहकांना भेटावे आणि ‘तुम्ही हे घ्याल का?’ असे न विचारता, ही अडचण मागच्या वेळी आली तेव्हा तुम्ही काय केले व त्यासाठी किती खर्च केला, असे विचारावे. कारण पहिल्या प्रश्नाला माणसे भिडेखातर होकार देतात. मग छोटी का होईना, खरी विक्री करायला लावावी. माल उधारीवर गेला, कागदावर नफा दिसला, पण पुरवठादाराचे देणे चुकते करण्याच्या दिवशी हाती रोकड नाही, हा प्रसंग एकदा अनुभवलेला विद्यार्थी नफा आणि रोकड यांतला फरक विसरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. नेदरलँड्समधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या छोट्या कंपन्यांच्या उपक्रमावरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उद्योजक होण्याची इच्छा उलट घटलेली आढळली. व्यवसायातली जोखीम वेळीच ओळखून एखाद्याने नोकरी निवडली, तर मी ते अपयश मानणार नाही. गुण नफ्याला देऊ नयेत. हिशेबाच्या नोंदी किती प्रामाणिक आहेत आणि चुकलेले गृहीतक विद्यार्थ्याने केव्हा व कशाच्या आधारे बदलले, याला द्यावेत.