रिकाम्या टेम्पोचा पाटा कसा तुटला?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की गाडीचा एखादा भाग तुटला तर भंगारवाल्याला देण्याआधी तुटलेल्या बाजूचा फोटो काढा आणि पाठवा. वाटलं होतं चार-पाच येतील. आले ते एवढे की घरच्यांना वाटलं मी जुन्या पार्टचं दुकान काढतोय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न परत परत आले तेवढे घेतो.

भांडुपहून एक टेम्पोमालक लिहितात: साहेब, भिवंडीहून टाइल्स आणतो. चार वर्षं फुल लोड, खरं सांगायचं तर ओव्हरलोडच, पण पाट्याने हूं की चूं केलं नाही. परवा गाडी रिकामी, मुलुंड चेकनाक्याच्या पुढे साधा स्पीडब्रेकर आला आणि मागच्या चाकावरच्या स्प्रिंगचा मेन पाटा कडकन गेला. मिस्त्री म्हणतो पोलाद आतून बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) झालं होतं, दुकानदार म्हणतो लोड जास्त भरलं. रिकाम्या गाडीत लोड कुठून आलं? फोटो पाठवलाय.

फोटो एक नंबर आलाय तुमचा. आता तो झूम करून माझ्याबरोबर बघा. एका कडेला काळपट, गुळगुळीत भाग दिसतोय, त्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात तशा एकात एक वळणदार रेघा आहेत, आणि उरलेला भाग खडबडीत, चकचकीत, दाणेदार. तो काळपट भाग परवा तुटलेला नाहीच. तिथे बारीक तडा खूप आधी पडलेला, आणि टेम्पो खड्ड्यातून गेला की तो केसभर पुढे सरकायचा, त्यात पाणी आणि धूळ जायची म्हणून तो काळा पडला. परवा तुटला तो फक्त चकचकीत भाग, उरलेला. तेवढ्याला स्पीडब्रेकर पुरला. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाहीये, फक्त तो ज्या लोडबद्दल बोलतोय ते परवाचं नाही, चार वर्षांचं आहे. याला आमच्या पार्ट टेस्टिंगच्या धंद्यात फटीग म्हणतात, साध्या भाषेत धातू दमला.

मिस्त्रीला मात्र हसू नका. चकचकीत दाणे बघून पोलादाचं बीड झालं असं वाटणारा तो पहिला नाही, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातले भलेभले इंजिनियर हेच म्हणायचे. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला परत येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) तुटला, डब्यांना आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर बरेच जण म्हणाले की धक्के खाऊन खाऊन लोखंडाची जात आतून बदलते. विल्यम रँकिन या स्कॉटिश इंजिनियरने १८४३ मध्ये तुटलेले एक्सल बघून सांगितलं की जात वगैरे काही बदलत नाही, जिथे एक्सलची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो आणि हळूहळू आत जातो. म्हणजे तुमच्या फोटोत जे दिसतंय तेच.

आता कामाचं. पाटा नेमका कुठे तुटला ते बघा. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर बहुतेक वेळा यू-बोल्ट (पाटे एक्सलशी आवळून धरणारा क्लॅम्प) ढिले झालेले असतात, मग पाटे क्लॅम्पच्या आतसुद्धा वाकायला लागतात आणि भोक ही आधीच नाजूक जागा. क्लॅम्पच्या बाहेर लगेच तुटला असेल तर तो लोडचा आणि खड्ड्यांचा हिशोब. नवीन पाटे बसवले की पहिल्या थोड्या किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत टाईट करायचे असतात, हे मी किती गॅरेजमध्ये सांगितलं असेल आणि किती वेळा "हो हो करतो" ऐकलं असेल त्याला गणती नाही. आणि काहीही झालं तरी पाट्याला वेल्डिंग मारू द्यायचं नाही, नुसता वेल्डिंगचा एक चटका लागला तरी तिथे कडक, ठिसूळ ठिपका तयार होतो आणि पुढचा तडा बरोब्बर तिथून निघतो. चांगल्या कंपनीचे पाटे ताण येणाऱ्या बाजूवर लोखंडी छर्ऱ्यांचा मारा करून येतात, शॉट पीनिंग म्हणतात त्याला, त्याने वरचा पातळ थर आतून दाबलेला राहतो आणि तडा उघडायलाच त्रास होतो. तुम्ही त्यावर हातोडा नाहीतर ग्राइंडर चालवलात की ती सगळी मेहनत गेली.

माटुंग्याहून मेकॅनिकलचा एक विद्यार्थी: सर, एस-एन कर्व्ह, मायनरचा रूल, रेनफ्लो सगळं पाठ करून पेपर दिला, मार्कही बरे पडले, पण खरं सांगतो डोक्यात काही बसलं नाही. दहा वर्षं चालणारा पार्ट कंपनीवाले काही आठवड्यांत टेस्ट कसा करतात?

अरे तू एकटा नाहीस, मी नोकरीला लागलो तेव्हा माझंही तेच होतं. आधी एक बाइंडिंग वायर घे आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वाकव, दहा-वीस वेळात तुटेल. आता तशीच दुसरी तार घे आणि अगदी थोडी थोडी वाकव, कंटाळशील पण तुटणार नाही लवकर. झाली तुझी एस-एन कर्व्ह: उभ्या बाजूला ताण किती, आडव्या बाजूला किती वेळा. हे पहिल्यांदा नीट मोजलं ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनियरने, १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत तो एक्सलचे नमुने फिरवत बसला होता. त्याला दिसलं की एकदाच किती जोर लागला यापेक्षा ताण किती खालीवर होतो हे जास्त महत्त्वाचं, आणि पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली राहिला तर तो भाग जवळपास कितीही वेळ टिकतो.

जोर आणि आयुष्य यांचा हिशोब सरळ नाही, इथेच सगळे फसतात. वेल्डिंगच्या जोडाला साधारण घनाचा नियम धर: ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं नाही, आठवा भाग. नुसता पंचवीस टक्के वाढला तरी आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतं (भांडुपचे टेम्पोवाले वाचताय ना?). आणि वेल्डिंग नसलेल्या, गुळगुळीत फिनिशच्या भागाचं आयुष्य याहूनही झपाट्याने घटतं.

आता तुझं रेनफ्लो. आम्ही गाडीच्या नाजूक जागांवर नखाएवढे स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवायचो आणि गाडी घोडबंदर रोडवर, घाटात, खडीच्या रस्त्यावर फिरवून आणायचो. संध्याकाळी जो ग्राफ हातात यायचा तो बघून घाम फुटायचा, नुसता वेडावाकडा, मोठ्या झटक्यात लहान आणि लहानात परत आणखी लहान. यात "एक वेळा" म्हणजे नक्की किती ते मोजायचं कसं? जपानच्या तात्सुओ एंडो यांनी १९६८ मध्ये त्यावर युक्ती काढली. ग्राफ उभा कर, प्रत्येक रेघ म्हणजे एक उतरतं छप्पर समज आणि वरून पाऊस पडू दे. त्यांच्या डोळ्यासमोर जपानी पॅगोडा होता, तू आपलं कोकणातलं कौलारू घर घे, एका छपरावरून पागोळी गळते ती खालच्या छपरावर पडते, कुठे थांबते कुठे पुढे जाते याचे ठरलेले नियम आहेत, आणि ती जेवढी वाहिली तेवढा तो झटका. मला हे एका सिनियरने जुन्या वाड्यात उभं राहून पागोळ्यांकडे बोट दाखवून समजावलं, त्यानंतर कधी विसरलो नाही.

झटके मोजून झाले की बारीकसारीक, ज्यांनी काही नुकसान होत नाही असे काढून टाकायचे आणि जे नुकसान करतात तेवढेच हायड्रॉलिक रिगवर (तेलाच्या दाबाने पार्टला झटके देणारं यंत्र) लागोपाठ वाजवायचे, दिवसरात्र. म्हणून दहा वर्षं काही आठवड्यांत बसतात. आमच्या लॅबमध्ये नाइट शिफ्टला त्या रिगची धडधड एवढी अंगवळणी पडायची की आवाज जरा बदलला की झोपलेला माणूस उठायचा, कारण आवाज बदलला म्हणजे कुठेतरी तडा गेला. मायनरचा १९४५ चा नियम म्हणतो की प्रत्येक झटका आयुष्याचा आपापला वाटा खातो आणि सगळे वाटे मिळून एक झाले की पार्ट संपला. उधारीच्या वहीसारखा साधा नियम आहे आणि म्हणूनच पूर्ण खरा नाही, कारण कुठला झटका आधी आला याचा त्यात हिशोबच नाही. प्रत्यक्षात एखादा जबरदस्त झटका बसला तर तड्याच्या टोकाशी धातू दाबला जातो आणि त्यानंतर काही काळ तडा उलट हळू सरकतो. म्हणून जरा शहाणा टेस्ट इंजिनियर बेरीज एकावर आली की तुटेल असं कधी छातीठोक सांगत नाही. एकाच लॉटचे, एकाच मशिनवर, एकाच लोडवर लावलेले पार्ट घे, एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट निघतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं पण पहिल्यांदा समोर बघितलंस की वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

कांदिवलीहून एक वाचक: हायवेच्या खड्ड्यात अलॉय व्हील वाकलं आणि आतल्या बाजूला बारीक क्रॅक आहे. कुर्ल्यात एक जण गरम करून सरळ करतो आणि क्रॅकला वेल्डिंग मारून देतो, नव्याच्या पाव किमतीत. करू का?

नको. पोलादाला ती मर्यादा असते ना, जिच्या खाली ते दमत नाही, तशी अलॉय व्हीलच्या अ‍ॅल्युमिनियमला स्पष्ट मर्यादा नसते, म्हणजे लहान लहान झटकेसुद्धा वहीत लिहिले जातातच. त्यात या व्हीलची ताकद कारखान्यात केलेल्या हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते, गॅसच्या ज्योतीवर गरम केलं की ती तेवढ्या जागेत उतरते. वरून पॉलिश झकास करून देतील, फोटोत नवीन दिसेल. क्रॅक नसलेलं, जरासं वाकलेलं रिम असतं तर मी थोडा विचार केला असता, क्रॅक असेल तर नाही म्हणजे नाही. चाक आहे ते, डेंट पडलेला दरवाजा नव्हे.

विरारहून एक बाई विचारतात: रोज लोकलने जाते. हे सगळं वाचून आता एक्सलची भीती वाटायला लागली.

घाबरवायचा हेतू नव्हता हो ताई. पण आकडा सांगतो, मलाच मजा वाटते त्याची. लोकलच्या चाकाचा परीघ तीन मीटरच्या आसपास, चर्चगेट-विरार साठ किलोमीटर, म्हणजे एका खेपेत चाक वीस हजार वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीत एक्सलचा वरचा भाग ताणला जातो, अर्ध्या फेरीत तोच खाली जाऊन दाबला जातो. दिवसाला दहा खेपा धरा, पाच दिवसांत दहा लाख झटके. एवढं सोसायचं म्हणून तो एक्सल इतका जाड असतो की ताण त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो, आणि ठरावीक काळाने अल्ट्रासॉनिकने आतून तपासतात, पोटाची सोनोग्राफी करतात त्यातलाच प्रकार. तपासणी महत्त्वाची का, तर १९९८ मध्ये जर्मनीत एशेडेला हायस्पीड गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव तुटली आणि १०१ माणसं गेली, तिथे तडा धावेच्या आतल्या बाजूने वाढला होता, बाहेरून बघून कळणारच नव्हतं. आणि थंडीत सकाळी "रुळाला तडा" म्हणून गाड्या लेट होतात ना, तेही या कुटुंबातलंच: रूळ थंडीत आकसतो, ताणला जातो, आणि आधीपासून दमलेली जागा पहाटे सुटते.

वर्सोव्याहून एक जण: स्कूटर समुद्राजवळ लावतो. साइड स्टँडचा हुक दोनदा तुटला. खाऱ्या हवेमुळे का? तुकड्यांचा फोटो जोडलाय.

खारी हवा मदत करते, हो. गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे तड्याला तयार दरवाजा, आणि खाऱ्या पाण्यात तर पोलादाची ती न दमण्याची मर्यादाही राहत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा आणि हुकाला ग्रीस लावा. पण दोनदा तुटला म्हणजे स्टँडवर टाकलेल्या गाडीवर बसून कुणीतरी फोनवर बोलत असतं असा माझा दाट संशय आहे. नक्की सांगता येत नाही कारण फोटो अंधुक आहे आणि तुम्ही दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून धरलेत. तसं करू नका, घासलं की त्या शिंपल्यासारख्या रेघा पुसल्या जातात. रॉकेलने नुसतं तेल धुवून घ्या, पोलिश पेपर लावू नका, सकाळच्या उन्हात खिडकीशी एक तुकडा जरा तिरका धरा आणि परत काढून पाठवा.